मैत्रिणींसोबत सोलापुरात एक निवांत दिवस: सुरुवात कुठून करावी?

अबोली९:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणी सोलापूरला येत आहेत. पुण्याच्या, नाशिकची, आणि एक थेट नागपूरहून. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने उतरतील, रविवारी सकाळी परत. म्हणजे अख्खा शनिवार आमचा.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: गाडी ठरवा, सकाळी तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, जमलं तर संध्याकाळी पंढरपूर. देवदर्शनाला माझी ना नाही, मी नेमाने जाते. पण इतक्या वर्षांनी भेटतोय, तर दिवसभर गाडीत एकमेकींच्या पाठी बघत बसायचं का? आणि दुसरं म्हणजे, सोलापूरला आलेला पाहुणा स्टेशनवर उतरतो आणि लगेच गावाबाहेर पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं जन्मगाव आहे हे. या शहरात बघण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते हळू चालणाऱ्याला दिसतं.

तर मला शहरातलाच दिवस हवाय. शक्यतो पायी, लांब असेल तिथे रिक्षा. एकीचा गुडघा दुखतो. दोघी शाकाहारी, बाकीच्यांना मटणाचं वेड. एक चित्रं काढते, ती बसली की अर्धा तास उठत नाही आणि आम्हाला तिला उठवायचंही नाही. सांगा, कुठून सुरू करू?

कडकभाकरी:
सुरुवात पोटातून करा. बाकी सगळं नंतर.

जुळेसोलापूरकर:
ताई, राग मानू नका, पण शहर बघायला अर्धा दिवस पुरतो. तळं, किल्ला, झालं. मग दुपारी त्या करणार काय? तुळजापूर पाऊण-एक तासावर आहे. नागपूरहून आलेल्या बाईला भवानीचं दर्शन न घडवता परत पाठवायचं म्हणजे मला तरी पटत नाही.

बाळीवेस:
@जुळेसोलापूरकर, अर्धा दिवस? दादा, नुसत्या बाळीवेशीपासून मधल्या मारुतीपर्यंत नवख्या माणसाला घेऊन चाला, दुकानं बघत बघत. दुपार होते का नाही बघा.

अबोली९, माझा सल्ला सिद्धेश्वराच्या तळ्यावर सकाळी लवकर जाण्याचा. उन्हं वर यायच्या आत. डिसेंबरात तिथे चांगला गारठा असतो, पाण्यावरून वारा येतो. देऊळ तळ्यातच आहे. आत सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. दर्शन झालं की लगेच निघू नका, पाण्याच्या कडेला बसा. चित्रकार मैत्रीण तिथून हलायची नाही, हे लिहून देतो.

इतिहासवेडा:
बाळीवेस यांना अनुमोदन. थोडी भर घालतो, कारण मैत्रिणींना देवळात नेऊन 'हे आमचं ग्रामदैवत' एवढंच सांगितलंत तर निम्मी गोष्ट राहून जाईल.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. बसवेश्वरांचे समकालीन, शरण परंपरेतले वचनकार, म्हणजे छोटी भक्तिपर वचनं रचणारे. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' अशी मुद्रा येते. श्रीशैलचा मल्लिकार्जुन हे त्यांचं आराध्य. परंपरा सांगते की हे तळं त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं आणि गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली. देऊळ बांधणारे संत पुष्कळ झाले. दुष्काळी मुलखात आधी तळं खोदणारा माणूस मला त्या सगळ्यांत वेगळा वाटतो. हे तळ्याच्या काठावर उभं राहूनच सांगावं.

त्या ६८ लिंगांना जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत तैलाभिषेक होतो. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलतात. मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. कथा अशी की एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते विरक्त. त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी दिली. तेच लग्न शहर दर संक्रांतीला लावतं, आणि अक्षता टाकायला अख्खं सोलापूर येतं.

रेश्मा_एस:
अक्षता सोहळ्याला लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून गेलेय. आम्ही मुसलमान, पण आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणी घरी नसायचं. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' कानावर आलं की अजून अंगावर काटा येतो. आता ठाण्यात असते. अबोली, तू जानेवारीत का नाही बोलावलंस त्यांना?

अबोली९:
@रेश्मा_एस, नागपूरकरणीच्या मुलीची परीक्षा आहे जानेवारीत. पुढच्या वर्षी गड्ड्यालाच बोलावते. तूही ये, खरंच.

इतिहासवेडा, हे सगळं मी वाचून दाखवणार आहे त्यांना. कन्नड वचनांचं मला माहीत होतं, पण शेवटच्या मुद्रेचं नव्हतं.

रानवाटा:
शहरच हवं असेल तर ठीक, पण एक विनंती. इतिहासवेड्यांनी अजून हत्तरसंग कुडलचं नाव कसं काढलं नाही? भीमा आणि सीनेचा संगम, जेमतेम ४० किलोमीटरवर. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. ज्या अगदी जुन्या कोरीव मराठीबद्दल आपण पुस्तकात वाचतो ती तिथे तुळईवर समोर दिसते. शिवाय ते बहुमुखी शिवलिंग, एकाच दगडावर ३५९ मुखं. संगमावर माणसांची गर्दी नसते, नदीचा काठ, निवांतपणा म्हणाल तर याहून कुठे मिळणार?

इतिहासवेडा:
मुद्दाम काढलं नाही. कुडलला जायचं तर तो दिवस कुडलचाच. जाता-येता, मधे जेवण, लेखाजवळ नीट थांबणं, यात दिवस जातो. दोन्ही एकाच शनिवारात कोंबलं तर दोन्हींवर अन्याय. अबोलीताईंनी शहर मागितलंय, शहरच द्यावं.

रानवाटा:
पटलं. पण कुडल लिहून ठेवा. आणि नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्यही. माळढोक दिसण्याची आशा आता फार धरू नये, अगदी मोजके उरलेत. काळवीट मात्र दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगा. सकाळचं ते पिवळं गवत बघायला तरी एकदा जावंच. हे अभयारण्य १९७९ चं आहे आणि गावातल्या कित्येकांनी ते पाहिलेलं नाही.

जुळेसोलापूरकर:
आता कुणीतरी हैदराबादला न्या म्हणेल.

चारमिनार_चहा:
मी म्हणणारच होतो!

गंमत नाही, हायवे सरळ आहे, सोलापूरहून तीनशेच्या आसपास किलोमीटर. आम्ही मित्र दर दिवाळीनंतर जातो आणि आमचा नियम एकच, कोणतीही गोष्ट 'उरकायची' नाही. सकाळी चारमिनारजवळ इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. १५९१ ची इमारत, रोज नव्याने बघावी अशी. मग सालारजंग संग्रहालय. तिथल्या वाजणाऱ्या घड्याळासमोर दर तासाला लोक गोळा होतात, आम्हीही प्रत्येक वेळी होतो. शुक्रवारी ते बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. बाकीच्या दालनांतलं एकच दालन बघायचं, उरलेली पुढच्या वर्षी. दुपारभर बिर्याणी आणि गप्पा.

अबोलीताई, सांगायचा मुद्दा हा की मोठ्या शहरात मित्रांबरोबरचा दिवस चांगला जातो तो कमी ठिकाणं ठरवल्याने. ठिकाणं वाढली की एक जण घड्याळ बघायला लागतो आणि उरलेले त्याच्या मागे पळायला लागतात. तुम्ही तीन ठिकाणं ठरवा. चौथं आपोआप सापडतं.

टंकनिका:
सोलापूर मोठं शहर आहे का पण? (पुणेकर आहे, खरंच विचारतेय.)

बाळीवेस:
२०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख माणसं होती, आता तुम्हीच ठरवा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चार भाषा एका चौकात ऐकू येणारं शहर लहान कसं म्हणायचं? आमच्या गल्लीतला भाजीवाला गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. मला कळायला लागायच्या आत मी तेलुगूत भांडायला शिकलो होतो.

पूर्वभागकर:
बाळीवेस, तुम्ही तेलुगूचा विषय काढलात म्हणून लिहितो. इतका वेळ नुसता वाचत होतो.

या धाग्यावर तळं आलं, किल्ला आला, हैदराबादसुद्धा आलं. सोलापूर ज्याच्यावर उभं राहिलं ते अजून आलं नाही. आमचे पणजोबा तेलंगणातून आले, हातमाग घेऊन. पद्मशाली समाजाची कितीतरी घरं अशीच आली. इकडे १८७० च्या दशकात जुनी मिल सुरू झाली, पुढे लक्ष्मी-विष्णू आली, नरसिंग गिरजी आली. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरण्या बंद पडल्या. माग मात्र घराघरांत राहिले. साखर पेठ, अशोक चौक, कुचन नगर, या भागात आजही खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं आहेत. दारातून जाताना खटखट ऐकू येते. बाहेरच्या माणसाला तो गोंगाट वाटतो. आम्हाला माग थांबला की काळजी वाटते.

मैत्रिणींना इकडे जरूर आणा. पण एक मागणं आहे. माग चालवणारा माणूस कामावर असतो. त्याला कापडाच्या मापावर पैसे मिळतात, तो थांबला की त्याची मजुरी थांबते. म्हणून कुणाच्याही घरात न विचारता शिरून फोटो काढू नका. आधी ओळखीतून विचारा, वेळ ठरवा, मग निवांत बघा. जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पुठ्ठे कसे वर-खाली होतात आणि त्यातून मोर कसा उमटतो, हे एकदा समजावून घेतलं की चादरीकडे बघायची नजर बदलते. कांड्या (सुताची रिळं) भरणाऱ्या बायकांशीही बोला. विणणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, कांड्या भरणारीला कुणी विचारत नाही.

अबोली९:
@पूर्वभागकर, मनापासून आभार. मी सोलापूरची असूनही हा भाग रिक्षातूनच पाहिलाय. विचारून येणार आणि जेवढा वेळ तुम्ही म्हणाल तेवढाच थांबणार. तुमच्या ओळखीत कुणी तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि खरी चादर ओळखायची कशी? नाशिककरणीला घ्यायचीच आहे.

पूर्वभागकर:
व्यनि केलाय.

चादरीबद्दल: सुती असते, हाताला भरीव लागते. नक्षी दोन्ही बाजूंनी असते आणि रंग उलटे दिसतात. इकडे पांढऱ्यावर निळा मोर, तर तिकडे निळ्यावर पांढरा. एकाच बाजूने छापलेली असेल तर ती आमची नव्हे. 'सोलापूर' नाव लावून बाहेरगावचा स्वस्त माल बाजारात पुष्कळ येतो. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी हे चालतं. त्यामुळेच कित्येक मागवाले चादर सोडून टॉवेलकडे वळले. घ्यायची तर विणणाऱ्याकडून किंवा त्याच्या सोसायटीतून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

कडकभाकरी:
हा प्रतिसाद वाचून माझ्या अंगावरची चादर उलटी करून बघितली. मोर दोन्हीकडे आहे. जिंकलो.

आता जेवण. शाकाहारी मैत्रिणींना साध्या खानावळीत न्या. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगदाण्याची आमटी, दही, कच्चा कांदा. शेंगा चटणी उखळात कुटलेली पाहिजे, दाण्याचं तेल सुटून गोळा व्हायला हवा. मिक्सरमधली भुगा होते. मटणवाल्यांनी कडक भाकरी रश्श्यात कुस्करायची, चमचा मागायचा नाही. पोटात जागा उरली तर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. नाश्त्याला धपाटे किंवा सुशीला (चुरमुऱ्यांची). आणि जाताना प्रत्येकीच्या पिशवीत कडक भाकरीची एक चवड, नागपूरपर्यंत खराब होत नाही.

वैशाली_क:
मिक्सरमधली भुगा होते, हे मान्य नाही. थांबत थांबत फिरवली, दाणे गरम असताना, तर तेल सुटतं. माझी आई मंगळवार पेठेतली, तिने शेवटची काही वर्षं मिक्सरच वापरला. हात दुखायचे तिचे.

कडकभाकरी:
@वैशाली_क, आईंच्या हातची असेल तर मिक्सरची सुद्धा चालेल. तिथे वाद नाही.

टंकनिका:
तिखट किती असतं हो? आमच्याकडे एकीला ॲसिडिटी आहे.

मंगळवेढेकर:
दही आहे ना. दह्यातली शेंगा चटणी लहान मुलंही खातात.

भाकरीचा विषय निघाला तर सांगतो, ती ज्वारी आमच्या मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर बघा. काळ्या रानात, थंडीच्या दवावर येते. तिलाही मानांकन आहे. भाकरीची चव जमिनीतून येते, नुसत्या तव्यातून नाही.

डफरीनचौक:
खाण्यावर गाडी घसरली की धागा परत येत नाही, म्हणून मधेच घुसतो.

अबोलीताई, दुपारनंतर रेल्वे लाईन्सचा भाग करा. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांच्या घराच्या जागी. १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात होते. बाकीचे परतले, ते राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, अवघे ३२ वर्षांचे. म्हणजे तुमच्या त्या शनिवारच्या आसपासच त्यांचा स्मृतिदिन येतो. चीनमध्ये त्यांना अजून मान आहे, तिकडची शिष्टमंडळं सोलापूरला येऊन जातात. आपल्या शाळांच्या सहली मात्र इथे फारशा येत नाहीत, याचं मला फार लागतं. जाण्याआधी उघडं असण्याची वेळ विचारून घ्या.

तिथून इंद्रभुवन जवळ आहे. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इमारत, आता महापालिकेची. नुकतीच तिची डागडुजी झालीय. चित्रकार मैत्रिणीसाठी दर्शनी भाग एवढाच पुरे. सज्जे, कमानी, चेहरे, काय काय आहे त्यावर.

इतिहासवेडा:
डफरीनचौक यांनी उत्तम जागा सांगितल्या. तिथून संध्याकाळी चार हुतात्मा चौकात या. पार्कवर भेळ खायला सगळेच येतात, पुतळ्यांकडे बघून कुणी थांबत नाही, म्हणून थोडं लिहितो.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, माणसं मेली. अधिकारी शहर सोडून गेले आणि काही दिवस इथे इंग्रजांची सत्ता अशी उरलीच नाही. मग लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली, तिरंगा लावला, तरी शिक्षा. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. ही चार नावं मोठ्याने वाचा. लिंगायत, मारवाडी, मुसलमान, मराठा. बाळीवेस यांनी चार भाषांचं लिहिलं, ते शहर फासावरही तसंच गेलं.

तुमच्या मैत्रिणी ज्या गाडीने येणार आहेत ती 'हुतात्मा' या चौघांच्याच नावाची.

रेश्मा_एस:
त्या गाडीने कित्येक वर्षं येते-जाते. कुर्बान हुसेन यांचं नाव आमच्या घरी फार आदराने घेतात. अबोली, तिथे थांबाच.

जुळेसोलापूरकर:
आता मीच म्हणतो, तुळजापूर राहू दे. भवानी समजून घेईल.

पण दुपारच्या विश्रांतीची सोय करा. गुडघा आहे, आणि डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन सोलापूरचं आहे. एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या पुढे जाणारं गाव आहे हे. जेवणानंतर घरी जाऊन पडा थोडं, मग चारला बाहेर.

बाळीवेस:
हा धाग्यातला सगळ्यात शहाणा प्रतिसाद. निवांत दिवसात दुपारची झोप मोजायलाच हवी.

अबोली९:
सगळं वाचून असं ठरवतेय. सकाळी तळं आणि देऊळ. नाश्ता करून किल्ला. दुपारी खानावळ, मग घरी झोप. चारनंतर कोटणीस स्मारक, इंद्रभुवन, हुतात्मा चौक. मागांचा पूर्व भाग किल्ल्यानंतर की संध्याकाळी? आणि किल्ल्यात गुडघ्याला त्रास होईल का?

इतिहासवेडा:
भुईकोट आहे, डोंगर चढायचा नाही. दुहेरी तटबंदी, खंदक, आत बाग. बहमनी काळातला किल्ला. चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीकडून आदिलशाहीला आंदण मिळालेला हाच, आणि मग त्याच्यावरून दोन घराणी लढत राहिली. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. तटावर चढायचे जिने मात्र उंच पायऱ्यांचे आहेत, ज्यांचा गुडघा दुखतो त्यांना खाली बागेत झाडाखाली बसवा. तटावरून तळं आणि सिद्धेश्वराचा कळस एका नजरेत येतो, तेवढा फोटो काढून त्यांना दाखवा.

पूर्वभागकर:
पूर्व भाग किल्ल्यानंतर, जेवणाआधी. तेव्हा माग चालू असतात. मी चौकात घ्यायला येईन.

(धागा काही दिवस शांत)

अबोली९:
मंडळी, झाला दिवस. सगळ्यांना सांगायलाच हवं.

तळ्यावर ठरवलेल्या वेळेच्या दुप्पट बसलो. नागपूरकर मैत्रिणीने वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदाच सगळं सांगितलं. फोनवर वर्षभर बोलतोय, पण हे कधी निघालं नव्हतं. मग इतिहासवेड्यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी ऐकला आणि त्यांना पाठ असलेलं एक वचन कन्नडमध्ये म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर म्हणाले, आधी नुसतं ऐका. आणि पुन्हा म्हटलं.

किल्ला थोडक्यात झाला, कारण भूक लागली होती. तटावर दोघीच चढल्या.

पूर्वभागकर दादांनी नेलं तिथे आम्ही तासाहून जास्त होतो. मालकांनी स्वतः जेकार्ड थांबवून पुठ्ठे हातात दिले. कांड्या भरणाऱ्या मावशींशी आधी तेलुगूत नमस्कार केला (दादांनी रस्त्यात शिकवला होता), मग त्या मराठीत बोलत राहिल्या. सकाळी स्वयंपाक करून येतात, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. चित्रकार मैत्रिणीने त्यांचे फक्त हात काढले. ते चित्र मावशींनाच दिलं. नाशिककरणीने दोन चादरी तिथेच घेतल्या आणि दोन्ही बाजूंनी तपासूनही घेतल्या.

जेवण कडकभाकरी यांनी सांगितलं तसंच. चमचा कुणी मागितला नाही.

कोटणीस स्मारकात आम्ही चौघीपाचजणीच होतो. त्यांचे फोटो बघताना पुण्याची मैत्रीण, जी स्वतः डॉक्टर आहे, खूप वेळ एका जागी उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, बत्तीस म्हणजे माझं एमडी संपलं तेव्हाचं वय. इंद्रभुवनपर्यंत मग कुणीच बोललं नाही. हुतात्मा चौकात नावं वाचली. मोठ्यानेच.

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर कुणीही विचारलं नाही.

डफरीनचौक:
डॉक्टर मैत्रिणीबद्दल वाचून बरं वाटलं. माझ्या मुलीच्या वर्गाला घेऊन जायचं आता मनावर घेतो. त्यांच्या शाळेत बोलतोच.

पूर्वभागकर:
मावशींनी ते चित्र देव्हाऱ्याशेजारी लावलंय. मालक विचारत होते, पुन्हा कधी येणार. नवरात्रात बतुकम्माला या म्हणाव्यात, आमच्या भागातल्या बायका फुलांची उतरंड रचून भोवती फेर धरतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो, तोही बघण्यासारखा.

टंकनिका:
आम्ही पण येतोय! फेब्रुवारीत, चौघी, पुण्याहून. अबोली, हाच क्रम ठेवला तर चालेल का? आणि कुडल दुसऱ्या दिवशी जोडता येईल?

रानवाटा:
कुडल मी दाखवतो. सकाळी लवकर निघा, लेखावर तिरपं ऊन असताना अक्षरं चांगली दिसतात.

मंगळवेढेकर:
@टंकनिका, फेब्रुवारीच्या ऐवजी जानेवारीत जमवा. तेव्हा हुरडा असतो, मालदांडीचा, शेतात आगटीवर भाजलेला, शेंगा चटणी लावून. फेब्रुवारी उजाडला की कणसं निबर होतात. रान आमचंच आहे, किती जणी ते आठवडाभर आधी कळवा.

टंकनिका:
विचारून सांगते. एकीला अजून रजा मिळालेली नाही.